माझा खालचा ओठ आणि पंचवटीतले डॉक्टर

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लासलगावच्या मार्केटात व्यापाऱ्यांच्या गराड्यात उभं राहून कांद्याचा लिलाव पुकारणारा माणूस भित्रा कसा असेल, असं लोकांना वाटतं. पण आवाज मोठा असला म्हणजे काळीज मोठं असतंच असं नाही. कुत्रं अंगावर आलं तर मी बायकोच्या मागे सरकतो. आणि दातांच्या डॉक्टरची पाटी दिसली की मी गल्ली बदलायचो. अशा माणसाची गाठ नेमकी त्या डॉक्टरांशी पडावी, याला काय म्हणायचं!

त्यांचा दवाखाना पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली पूजेच्या सामानाचं दुकान. जिन्यात कापराचा वास यायचा आणि वर पोचलं की लवंगेच्या तेलाचा. डॉक्टर साठी उलटलेले, उंच, थोडे वाकलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मदतीला एक बाई होत्या, जुन्या, डॉक्टरांना पाठ केलेल्या. नवीन पेशंट आला की त्या आधीच बजावायच्या, "हे बघा, काही होणार नाही ना, असं डॉक्टरांना विचारू नका. चिडतात."

मी अर्थातच तेच विचारलं. दाराच्या आत पाऊल टाकता टाकता विचारलं.

"काही होणार नाही, हे सांगायला मी ज्योतिषी आहे का?" डॉक्टर म्हणाले. "ज्योतिषी पाहिजे असेल तर रामकुंडाकडे जा. तिथं चांगलं चांगलं सांगतील तुम्हाला."

माझ्याबरोबर बायको होती. ती पदर तोंडाला लावून हसली. मला मात्र घाम फुटला होता.

पहिल्या दिवशी ते कोणाच्याच दातांना हात लावायचे नाहीत, ही त्यांची पद्धत. पेशंटला खुर्चीत बसवायचे, खुर्ची मागे करायचे, तोंडावरचा दिवा लावायचे, ड्रिलचा आवाज नुसता हवेत ऐकवायचे. "हा आवाज. हा एवढाच. याच्यापेक्षा मोठा माझ्याकडे नाही." मग दहा मिनिटं तसंच बसवून ठेवायचे आणि म्हणायचे, "झाली ओळख. आता घरी जा, परवा या." लोक वैतागायचे. पेठ-सुरगाण्याकडून एसटीनं आलेली माणसं असली तर मात्र त्यांना बाकावर बसवून, बिस्किटं खायला घालून, त्याच दिवशी काम उरकून द्यायचे. माझं गाव त्यांच्या मते जवळचं. मी तीन खेपा घातल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे टोचण्याआधी ते सांगायचे. इतर डॉक्टर म्हणतात, मुंगी चावल्यासारखं होईल. हे म्हणायचे, "गांधीलमाशी चावल्यासारखं होणार. पाच आकडे मोजा." आणि खरोखर पाच आकडे गांधीलमाशीच चावायची. सहाव्या आकड्याला सुटका. आधी सांगितल्यामुळे दुखणं कमी व्हायचं असं नाही, पण माणसाला फसवलं गेल्यासारखं वाटायचं नाही.

माझी दाढ डावीकडची, खालची, शेवटची. अक्कलदाढ. चाळिशी उलटल्यावर तिला वर यायची बुद्धी झाली, तीसुद्धा सरळ नाही, आडवी. हिरडी सुजायची, पू व्हायचा, गिळताना कानापर्यंत कळ जायची. मी काय केलं असेल? आमच्याकडे सगळे करतात तेच. लवंग धरली, मिश्री लावली, आणि आईनं सांगितलं म्हणून तव्यावर फडकं गरम करून बाहेरून गालाला चांगला आठवडाभर शेक दिला. आठव्या दिवशी गाल टम्म फुगला आणि तोंड उघडेना. दोन बोटं जायची नाहीत. लिलावात "एकवीसशे" म्हणायला गेलो तर नुसता "ए" निघाला आणि व्यापारी हसायला लागले.

"शेक कोणी दिला?" डॉक्टर माझ्यावर ओरडले. "आत पू आणि बाहेरून शेक? आत काय शिजवायला ठेवलंय का?"

सूज उतरायला गोळ्या दिल्या. सूज उतरल्यावर जबड्याचा फोटो काढून आणायला लावला. तो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांचं बोलणं थांबलं की मला भीती वाटायची, कारण ते कधी थांबायचेच नाहीत.

"हे बघा," ते शेवटी म्हणाले. "ही तुमची दाढ. ही तिची मुळं. आणि हा काळा पट्टा दिसतोय ना, ही नस. तुमच्या खालच्या ओठाला आणि हनुवटीला जी जाणीव आहे ती हिच्यामुळे. मुळं नसेला चिकटून बसलीत. दाढ काढताना नस दुखावली तर ओठ बधिर होईल. बहुतेकांचा महिन्या-दोन महिन्यांत परत येतो. काहींचा कधीच येत नाही." मग त्यांनी फोटो खाली ठेवला. "आता मी काय सांगितलं, ते तुमच्या तोंडानं सांगा."

ही त्यांची आणखी एक तऱ्हा. धोका आपण स्वतः बोलून दाखवल्याशिवाय ते सही घ्यायचे नाहीत. मी ततपप करत म्हणालो, "ओठ बधिर होईल. कदाचित कायमचा."

"धंदा काय तुमचा?"

"लिलाव पुकारतो, साहेब. कांद्याचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पुकारा बघू."

"इथं?"

"इथंच."

मी लाजत लाजत सुरू केलं, मग सवयीनं आवाज चढला. "बाराशे, बाराशे, बाराशे पाच, बाराशे पन्नास, बोला बोला, माल बघा, बाराशे बावन्न!" बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले. डॉक्टरांनी डोळे मिटले होते. संपल्यावर म्हणाले, "प, ब, म. सगळं ओठावर आहे तुमचं. तुम्ही मोठ्या कॉलेजच्या दवाखान्यात जा. चिठ्ठी देतो. तिथं मोठे सर्जन आहेत."

शहाण्या माणसानं चिठ्ठी घेतली असती. मी नाही घेतली. अनोळखी डॉक्टर, अनोळखी खुर्ची, परत सगळं पहिल्यापासून, ते माझ्यानं होणार नव्हतं. शिवाय दाढ ठेवली तरी गत नव्हती. परत सूज आली तर घशापर्यंत जाईल, श्वास अडकेल, असंही त्यांनी सांगितलं होतं. इकडे आड तिकडे विहीर. मी म्हणालो, "तुम्हीच काढा." त्यांनी तीन वेळा विचारलं. मी तीन वेळा हो म्हणालो.

ठरल्या दिवशी आम्ही दोघं नवराबायको गेलो. बाईंनी विचारलं, "पोट भरून आलात ना?" उपाशी माणसाला ते खुर्चीत घ्यायचे नाहीत. उपाशी माणूस आडवा होतो, म्हणायचे. समोरच्या खानावळीत पाठवून वरण-भात खायला लावायचे. आणि मी काय केलं होतं? भीतीपोटी आदल्या दिवशी सप्तशृंगीला नवस बोललो होतो, दाढ सुखरूप निघेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही.

डॉक्टर बाहेर आले. "उपाशी आहात?"

"नवस आहे."

"मग घरी जा."

"साहेब, दाढ निघाल्याशिवाय मला खाता येत नाही."

"आणि तुम्ही खाल्ल्याशिवाय मला दाढ काढता येत नाही."

झाली का पंचाईत! बाई कागद चाळत बसल्या. मला तर आतून बरंच वाटत होतं, की चला, देवीनंच आजचा दिवस टाळला. तेवढ्यात बायको उठली. "तुम्ही खाऊन घ्या. नवस मी धरते," ती म्हणाली. "देवीला काय, घरातलं कोणी बी चालतं."

"आता ह्या बाई चक्कर येऊन पडल्या तर मी कोणाला बघू?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"मी नाय पडत," ती म्हणाली. "तुम्ही तुमचं काम नीट करा."

मी खानावळीत गेलो. वरण-भात मागवला. बायको समोर बसून माझा एकेक घास मोजत होती आणि स्वतः पाण्याच्या ग्लासाकडे बघत नव्हती.

खुर्चीत बसलो. डॉक्टरांनी सांगितलं, डावा हात वर केलात की मी थांबेन, कुठंही असलो तरी थांबेन. आणि थांबायचेही. मी उगाचच दोनदा वर करून पाहिला. गांधीलमाशी चावून गेली. जीभ जड झाली, ओठ जड झाला. मग त्यांचं बोलणं सुरू झालं. काम करताना ते सगळं मोठ्यानं सांगत राहायचे. "आता हिरडी उघडतोय. आता हाड थोडं कोरतोय, आवाज येईल. आता दाढेचे दोन तुकडे करतोय. कट्ट होईल, घाबरू नका. झालं कट्ट. पहिला तुकडा आला. बाई, कापूस." मी त्या आवाजाला धरून पडलो होतो. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही मुठी आवळलेल्या. पाठीखाली घामाचं तळं झालं होतं.

आणि मधेच बोलणं थांबलं.

ड्रिल बंद होतं. खालून भाजीवाल्यांचा गलका ऐकू येत होता. मी डोळे उघडले. दिव्याच्या उजेडात त्यांचे डोळे दिसले, चष्म्यामागचे, एकाच जागी खिळलेले. मी हात वर केला. ते थांबलेलेच होते. मला विचारायचं होतं, काय झालं, पण तोंडात त्यांची बोटं आणि कापूस. आयुष्यात इतकं घाबरल्याचं मला आठवत नाही. बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर?"

"शेवटचं मूळ नसेवर बसलंय," ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, बाईंकडे नाही. "मला नस दिसतेय. मूळ ठेवलं तर परत पू होईल. काढलं तर नस ओढली जाईल. काढू?"

तोंड उघडं, बोलता येत नाही, आणि माणूस विचारतो काढू का! मी मान हलवली. होय की नाही, ते माझं मलाही कळलं नव्हतं. त्यांनी ते होय धरलं.

काढल्यावर ते म्हणाले, "नस तुटलेली नाही. दुखावली आहे. ओठ आज बधिर राहील, इंजेक्शनमुळे. उद्या सकाळपर्यंत जागा झाला तर उत्तम. नाही झाला तर मला फोन करा."

बाहेर आलो तेव्हा बायको बाकावर ताठ बसली होती. दाढ निघाली असं बाईंनी सांगितल्यावर तिनं जागेवरूनच हात जोडले आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला आणि तो सरळ शर्टावर सांडला. कपाची कड ओठाला लागली होती, ते मला कळलंच नाही. बोटानं चाचपलं. ओठ होता, पण माझा नव्हता. डावीकडची अर्धी हनुवटी कोणी तरी काढून नेली होती. मी आरशासमोर उभा राहिलो आणि "बाराशे बावन्न" म्हणून पाहिलं. ऐकून बायको स्वयंपाकघरातून धावत आली, आणि तिचा चेहरा बघून मी ढसाढसा रडलो. चाळिशीतला माणूस, पण रडलो. घर त्या ओठावर चालत होतं.

मार्केटात मला लिलावावरून काढून सौद्याच्या चिठ्ठ्या लिहायला बसवलं. लोक चांगले होते, पण जो तो एकच म्हणायचा, "होईल हो ठीक, काही नाही होत." मला त्यांचा गळा दाबावासा वाटायचा.

दर पंधरा दिवसांनी मी पंचवटीला जायचो. डॉक्टर मला डोळे मिटायला सांगायचे आणि कापसाची वात हनुवटीवरून फिरवायचे. कळलं की मी हुं म्हणायचं. जिथं हुं थांबायचं तिथं ते पेनानं खूण करायचे. खुणा जोडल्या की माझ्या हनुवटीवर नकाशा तयार व्हायचा. तो नकाशा ते कागदावर उतरवून घ्यायचे आणि मागच्या कागदाशेजारी ठेवायचे. पहिले तीन कागद सारखेच होते. तसं ते सांगायचेही. "तसूभर फरक नाही."

तिसऱ्या खेपेला माझा तोल गेला. बाहेर पेशंट बसले होते, तरी मी ओरडलो. "तुमच्या हातानं माझं तोंड मेलं, डॉक्टर!"

मला वाटलं, आता म्हणतील, मी आधी सांगितलं होतं, तुमच्याच तोंडानं वदवून घेतलं होतं, चिठ्ठी देत होतो, सही आहे तुमची. सगळं खरंच होतं ते.

"हो," डॉक्टर म्हणाले. "माझ्याच हातानं."

एवढंच. मी हनुवटीवरची शाई न पुसताच जिना उतरलो आणि तसाच एसटीत बसलो.

त्या दिवसापासून संध्याकाळी त्यांचा फोन यायला लागला. "पुकारा," म्हणायचे. मी पुकारायचो. मग ते बोली लावायचे. आयुष्यात किलोभर कांदा भाव करून घेतला नसेल त्या माणसानं, पण फोनवर चढ्या आवाजात म्हणायचे, "तेराशे! तेराशे दहा!" आणि मला त्यांच्यापुढे जावं लागायचं. संपलं की सांगायचे, "पन्नास सुधारलाय. बावन्न अजून फाटतोय." बायको म्हणायची, हा माणूस येडा आहे. मलाही तसंच वाटायचं, पण सहा वाजले की मी फोन हातात धरून बसायचो.

चौथ्या महिन्यात हनुवटीत मुंग्या यायला लागल्या. मी घाबरून फोन केला. पलीकडून नाक ओढल्यासारखं काही तरी ऐकू आलं. "मुंग्या येणं चांगलं," ते म्हणाले. "नस जागी होतेय." आठव्या महिन्यात नकाशा मसुरीच्या दाण्याएवढा उरला आणि मला परत लिलावावर घेतलं. पहिल्या दिवशी बावन्न नीट निघाला.

आणि वर्षभरानं उजवी दाढ सुजली.

मी शेक दिला नाही. सरळ पंचवटी गाठली. डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, गालाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "तुम्हाला चिठ्ठीच देतील. तुमच्यानंतर खालची अक्कलदाढ त्यांनी एकाचीही काढलेली नाही. सगळ्यांना कॉलेजला पाठवतात. सोपी असली तरी."

सूज उतरल्यावर नवीन फोटो घेऊन गेलो. त्यांनी तो खिडकीत धरला. "इथं नस लांब आहे," म्हणाले. "तांदळाच्या दाण्याइतकं अंतर आहे. कोणीही काढेल." आणि टेबलावर बसून चिठ्ठी लिहायला लागले.

"तुम्ही काढा," मी म्हणालो.

"नाही."

"का?"

त्यांनी मान वर केली नाही. "माझा हात भितो आता."

माझ्या ओठाचा तो मसुरीएवढा तुकडा अजून बधिरच होता. कॉलेजात चांगले डॉक्टर असतील, यांच्याहून चांगले असतील. ते गोड बोलतील, काही होणार नाही म्हणतील, आणि मी खुर्चीत बसून प्रत्येक शब्दावर संशय घेत मरेन. माझं नुकसान झालं तेव्हा "हो, माझ्याच हातानं" म्हणणारा माणूस मला दुसरा कुठं मिळणार होता? मी उठलो, आतल्या खुर्चीत जाऊन बसलो आणि पाय वर घेतले.

"अहो, उतरा," डॉक्टर दारात येऊन म्हणाले.

"तुमचा नुसता हात भितोय," मी म्हणालो. "माझं सगळं अंग भितंय. पण मी बसलोय."

ते बेसिनकडे गेले आणि हात धुवायला लागले. केवढा वेळ धुतले! बाईंनी न सांगता ट्रे आणून ठेवला. डॉक्टर माझ्याशेजारी येऊन बसले, दिवा ओढून माझ्या तोंडावर आणला. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"भीती वाटतेय?" त्यांनी विचारलं.

"लय. तुम्हाला?"

"मलाही."

"मग करा सुरू," मी म्हणालो आणि तोंड उघडलं.